गुलमर्गचा गोंडोला: पैसे कशात वसूल, कशात पाण्यात

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचं, तिकीट हा काही सर्वांत मोठा खर्च नव्हे. पण सर्वांत जास्त फुकटचे पैसे उडतात ते त्याच्याच भोवती. घोडा, गाइड, बूट, कोट, पायथ्याच्या टंगमर्ग गावाहून करावी लागलेली दुसरी गाडी, स्लेज, मॅगी हे सगळं हिशेबाच्या वहीत 'इतर' या रकान्यात जातं आणि बऱ्याच घरांत तो रकाना तिकिटापेक्षा मोठा निघतो. त्यामुळे या परीक्षणात पाळण्याइतकीच पाळण्यापर्यंत नेणारी साखळीही तपासली आहे. हिशेब नाशिकहून निघणाऱ्या सहा जणांच्या कुटुंबाचा धरला आहे: आजी-आजोबा, आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचं पोर.

मूळ सेवा उत्तम आहे. जम्मू-काश्मीर सरकारचं केबल कार महामंडळ ती चालवतं, यंत्रणा फ्रान्सच्या पोमा कंपनीची. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. पहिला टप्पा तुम्हाला दहाएक मिनिटांत ३,०८० मीटरच्या आसपास कोंगडोरीला सोडतो. तिथून दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या कण्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो, तोही बारा-पंधरा मिनिटांत. पाळणा सहा जणांचा, बंद, काचेचा. चढताना-उतरताना तो पूर्ण थांबत नाही, सावकाश सरकत राहतो. म्हणून आजीला आधी बसवायचं, पोर कडेवर घ्यायचं आणि पाठीवरची बॅग काढून हातात घ्यायची. एवढं केलं की घाबरण्यासारखं काही नाही.

आता मुख्य प्रश्न: पहिला टप्पा घ्यायचा की दोन्ही? एजंट डोळे झाकून दोन्ही घेतो. खरं उत्तर महिन्यावर आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गच्या पठारावरच गुडघाभर बर्फ असतो. कोंगडोरीला त्याहून जास्त. मुलांना लोळायला, गोळे फेकायला, फोटोला पहिला टप्पा पुरून उरतो. वर अफरवटला त्या दिवसांत बोचरा वारा असतो आणि ढग उतरले तर पाच फुटांपलीकडचं दिसत नाही. स्की येणाऱ्यांसाठी तो स्वर्ग, पण नाशिकच्या कुटुंबाने हिवाळ्यात दुसऱ्या टप्प्यावर पैसे घालू नयेत.

मे महिन्यात गणित उलटं होतं. खाली हिरवं कुरण, कोंगडोरीला सावलीतल्या घळीत मळकट बर्फाचे तुकडे. बर्फ बघायचाच असेल तर तो वरच. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त पहिला टप्पा घेऊन 'बर्फच नव्हता' म्हणत परतणारे सर्वांत जास्त नाराज होतात. त्यांनी एक तर दुसरा टप्पा घ्यायला हवा होता, नाही तर गोंडोलाच सोडून कुरणात फिरायला हवं होतं. जून सरत आला की वरचा बर्फही चिंध्यांसारखा उरतो. दिवाळीच्या सुट्टीत हवा स्वच्छ आणि दृश्य सर्वांत लांबवरचं, पण बर्फाचा भरवसा धरू नये.

हिशेबासाठी पहिला टप्पा माणशी आठशे आणि दुसरा हजार धरू. अलीकडचे दर याच घरातले आहेत, नेमका आकडा बुकिंगच्या पानावर बघावा. तीन वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. सगळ्यांसाठी दोन्ही टप्पे घेतले तर पाच तिकिटांचे नऊ हजार. मे महिन्यात आई, बाबा आणि मुलीसाठी दोन्ही टप्पे, आजी-आजोबांसाठी फक्त पहिला, असं केलं तर सात हजार. लहान पोर आजी-आजोबांजवळ कोंगडोरीला राहील. फुकट आहे म्हणून त्याला चार हजार मीटरच्या जवळ न्यायचं कारण नाही. जानेवारीत सगळ्यांना फक्त पहिला टप्पा: चार हजार. तोच डोंगर, तोच पाळणा, फरक पाच हजारांचा. उलटी युक्ती मात्र चालत नाही. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट पहिल्याशिवाय वापरता येत नाही, आणि कोंगडोरीला पोचल्यावर 'आता वरचं काढू' म्हटलं तर ते हाती लागेलच असं नाही.

तिकीट मिळवणं हा या सेवेचा कमकुवत भाग. वणीच्या गडावर ट्रॉलीपाशी जाऊन खिडकीवर तिकीट काढण्याची आपल्याला सवय. इथे तसं जमत नाही. तिकीट महामंडळाच्या संकेतस्थळावर, तारखेनुसार आणि ठरावीक संख्येतच. मे आणि डिसेंबरअखेर दुसऱ्या टप्प्याची तिकिटं आधी संपतात. म्हणून क्रम असा ठेवावा: विमान किंवा रेल्वेच्या तारखा पक्क्या झाल्या की त्याच दिवशी गोंडोलाचं बुकिंग बघायचं. ज्या दिवशी मिळेल तो दिवस गुलमर्गचा. पहलगाम, सोनमर्ग, दल सरोवर त्याच्या मागेपुढे बसवायचं. बहुतेक जण हॉटेलं आधी घेतात, मग गुलमर्गच्या दिवशी तिकीट नाही म्हणून ड्रायव्हरच्या ओळखीतून चढ्या भावाने घेतात. तिकिटावर नावं असतात आणि ओळखपत्र तपासतात, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं.

बुकिंग करताना आधार कार्डावर जसं आहे तसंच नाव टाका, मुलांचंही. तिकिटाची छापील प्रत घ्या. याचं कारण साधं आहे: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. कुटुंबात एकाचं तरी पोस्टपेड हवं आणि बुकिंग त्याच नंबरवर करावं, नाही तर ओटीपी काश्मीरमध्ये बंद पडलेल्या सिमवर जाईल. शिवाय थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवला तर टिकतो.

वारा वाढला की दुसरा टप्पा बंद करतात. वरचे खांब उघड्या कण्यावर आहेत, आडवा वारा लागला की पाळणे झुलतात. यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. महामंडळाने टप्पा बंद ठेवला तर त्या टप्प्याचे पैसे परत मिळतात. आपण गेलोच नाही, तर नाही. सकाळी वारा साधारण कमी असतो. त्यामुळे पहिली वेळ मिळवावी, आणि पहिली वेळ गाठायची तर मुक्काम कुठे हा प्रश्न येतो.

खुद्द गुलमर्गमध्ये राहणं महाग. खोलीचं भाडं श्रीनगरच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं, वर हिवाळ्यात हीटरचे वेगळे. सरकारी पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं तिथे आहेत, ती आधी बघावीत. एरवी तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला एक रात्र राहणं हा सर्वांत समंजस पर्याय. श्रीनगरहून पहाटे निघालेल्या गाड्या वर पोचायच्या आत तुम्ही पाळण्यात असता. श्रीनगरहून एका दिवसात जाऊन येणंही जमतं, अंतर पन्नासेक किलोमीटर आहे. पण मग सकाळी साडेसहाला गाडी सुटली पाहिजे. हॉटेलचा नाश्ता साडेआठला सुरू होतो. पॅकेजमध्ये त्याचे पैसे भरलेले असतात, म्हणून तो सोडवत नाही, आणि अकरा वाजता रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागतं. आदल्या रात्री पार्सल डबा मागून घ्या, बहुतेक हॉटेलं देतात.

टंगमर्ग हे गाव ओळखून ठेवा. पैसे गळतात ते इथे. हिवाळ्यात बर्फ पडला की पुढच्या चढावर टायरला साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. श्रीनगरहून आणलेली गाडी खाली थांबते आणि वरचा प्रवास स्थानिक गाडीने होतो, त्याचे पैसे वेगळे. हा नियम सुरक्षेचा आहे. चिडण्यापेक्षा शेअर सुमोत बसावं. सहा जण असाल तर अख्खी गाडीही अंगाला येत नाही. मे महिन्यात रस्ता कोरडा असताना मात्र श्रीनगरची गाडी थेट वर जाते. तेव्हा ड्रायव्हरने टंगमर्गला गाडी बदलायला सांगितली तर कारण विचारा.

इथेच गाडी हमखास एका दुकानापुढे थांबते. आत भिंतभर लोकरीचे लांब कोट आणि गमबुटांच्या रांगा. 'वर यांच्याशिवाय सोडत नाहीत' हे वाक्य ऐकू येईल. असा नियम नाही. मे महिन्यात पहिल्याच टप्प्यापर्यंत जाणाऱ्याला गमबूट मुळीच लागत नाही, चांगल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज पुरतात. दुसऱ्या टप्प्याला आणि हिवाळ्यात बूट हवेत, तेव्हा फक्त बूट घ्या, कोट नको. पाय घालण्याआधी आत हात घालून बघा: कालच्या गिऱ्हाइकाचा बर्फ आत वितळलेला असतो आणि अस्तर ओलं असतं. दुसरा जोड मागा, देतात. तळवा झिजून गुळगुळीत झाला असेल तर तोही परत करा, कडक झालेल्या बर्फावर तो साबणासारखा घसरतो. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घातला की पाय दिवसभर कोरडा राहतो.

कोट-बुटाचं भाडं माणशी तीनशे धरलं तर पाच जणांचे दीड हजार, आणि हेच सोनमर्गला पुन्हा, आणखी एखाद्या ठिकाणी पुन्हा. साडेचार हजारांत नाशिकमध्येच बरंच काही विकत येतं. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये जाकिटं, कानटोप्या, हातमोजे घासाघीस करून मिळतात. आतले थर्मल आणि मुलांची पाणी न शिरणारी पॅंट खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून घ्यावी. जीन्स मात्र घालू नये. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या बधिर होतात. सुती मोज्यांचंही तेच. निफाडला पारा पाच-सहावर गेला की आपल्याला हुडहुडी भरते, पण जानेवारीत गुलमर्गची रात्र शून्याखाली दहापर्यंत जाऊ शकते. पातळ तीन थर एका जाड कोटापेक्षा चांगले, कारण चालताना घाम आला की एक काढता येतो. गॉगल सगळ्यांना हवा, लहान पोरालाही. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि गालांना दोन तासांत भाजून काढतं.

वर पार्किंगला उतरलात की घोडेवाले आणि गाइड गाडीभोवती जमतात. 'गोंडोला तीन किलोमीटर आहे.' तसं नाही. सपाट रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्यापुरता घोडा करा, सहा घोडे कशाला? गुलमर्ग विकास प्राधिकरणाने ठरवलेल्या दरांचा फलक बघा आणि बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कुठपर्यंत, जाऊन-येऊन की एकच बाजू, थांबण्याचे पैसे वेगळे का. त्या लोकांचं पोट मोजक्या महिन्यांच्या हंगामावर आहे, ठरलेला दर देताना पाडून मागू नये. पण न ठरवता बसलात तर उतरताना भांडण ठरलेलं. गाइड सक्तीचा नाही. तो 'रांग टाळून देतो' म्हणाला तरी तिकीट ऑनलाइन आणि रांग सगळ्यांना एकच. अफरवटला स्टेशनच्या आवाराबाहेर लांब चालत जाणार असाल तर गाइड हवा, कारण तिथे हिमस्खलनाचा खरा धोका असतो. पण लहान मुलांना घेऊन तिकडे जायचंच कशाला?

उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैशापेक्षा जास्त काही पणाला लागतं. नाशिक साधारण सहाशे मीटरवर, श्रीनगर १,५८५ वर. अफरवटच्या स्टेशनवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच उरतो. तुम्ही तिथे चढून जात नाही, अर्ध्या तासात उचलून ठेवले जाता, त्यामुळे शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. उतरताच मुलं पळत सुटतात आणि दहा मिनिटांत डोकं धरून बसतात. पहिली पाच-सात मिनिटं नुसतं उभं राहायचं, पाणी प्यायचं, मग हळू चालायचं. वर अर्धा-पाऊण तास पुरे. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, दमा किंवा गर्भारपण असेल तर नाशिकमधल्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरा टप्पा घेऊ नये. टंगमर्गला विकतात ते ऑक्सिजनचे छोटे कॅन घेऊ नका. सलग वापरला तर काही मिनिटांत संपतो. मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली तर खाली जाणारा पहिला पाळणा पकडायचा, औषध तेच. गुलमर्गचा दिवस श्रीनगरला पोचल्यावर लगेचचा न ठेवता मध्ये एक दिवस जाऊ दिला तर बरं.

खाण्याचं सोपं आहे. कोंगडोरीला मॅगी, राजमा-चावल, कहवा मिळतो, डोंगरावरच्या भावाने. मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला तर चहा-कहव्यावर भागतं. चिवड्याचं बंद पाकीट वर फुग्यासारखं टम्म फुगतं, बाहेरचा दाब कमी झालेला असतो. बॅगेत फुटून सगळा चिवडा कपड्यांत सांडायच्या आत खालीच फोडून डब्यात भरा. स्लेज किंवा स्नो-बाइक करायची असेल तर दर फेरीचा की वेळेचा हे ठरवून घ्या. 'एका तासाचं स्कीइंग' घेतलं तर त्यातली वीस मिनिटं बूट अडकवण्यात जातात. मुलांना खरंच शिकवायचं असेल तर केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा.

गोंडोला न घेताही गुलमर्ग बघता येतं, हे कुणी सांगत नाही कारण त्यात कुणालाच कमिशन नाही. पठाराला वळसा घालणारा अकराएक किलोमीटरचा सर्क्युलर रोड आहे. त्यातला झाडीतला दोन-तीन किलोमीटरचा भाग आजी-आजोबाही चालतात, आणि हवा उघडी असेल तर नंगा पर्वत दिसतो. १९०२ चं सेंट मेरी चर्च, टेकडीवरचं महाराणी मंदिर, गोल्फ कोर्सची कड, यातल्या कशालाच घोडा लागत नाही. मंदिराला जून २०२४ मध्ये आग लागली होती, त्यामुळे जुन्या फोटोंसारखं ते दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

नाशिकमधून पॅकेज घेत असाल तर कागदाची शेवटची बाजू आधी वाचा. पहिल्या पानावर 'गुलमर्ग स्थलदर्शन' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. मागे 'समाविष्ट नाही' खाली बारीक अक्षरात गोंडोला, घोडे, युनियन टॅक्सी, टंगमर्ग–गुलमर्ग गाडी. म्हणजे पॅकेजने तुम्हाला टंगमर्गच्या चौकापर्यंत आणायचं कबूल केलंय. पहलगामलाही तेच: आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीला बाहेरची गाडी जाऊ देत नाहीत, स्थानिक युनियनची करावी लागते. दोन एजंटांची तुलना करताना एकूण रकमेत या चार ओळी मिळवून मगच कोण स्वस्त ते ठरवा. ऑपरेटरला एकच प्रश्न लेखी विचारा: 'मे महिन्यात आमची गाडी गुलमर्गच्या पार्किंगपर्यंत जाणार का?' उत्तरावरून बाकीचं कळतं.

पोचण्याचा खर्च. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर असं विमान घेणार असाल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी स्वस्त पडतात, पण ओझरचं विमान उशिरा सुटलं तर पुढचं तिकीट बुडतं आणि सहा जणांची आयत्या वेळची तिकिटं सगळी बचत गिळतात. मुंबईहून थेट श्रीनगर कधी कधी बरंच स्वस्त दिसतं. त्यात नाशिक–मुंबई गाडी, टोल आणि पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम मिळवून बघा.

रेल्वेचा पर्याय जून २०२५ पासून खरा झाला, कटरा–श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यावर. नाशिक रोडला राजधानी, मंगला, पंजाब मेल अशा दिल्लीच्या गाड्या आहेत. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने कटरा, तिथे गाडी बदलून तीनएक तासांत श्रीनगर. कटऱ्याला लगेचची गाडी धरू नका, मध्ये मोकळे तास ठेवा. वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एक बारकावा: पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला शयनयान गाड्यांत बर्थ न घेता अर्धं तिकीट चालतं, पण वंदे भारतसारख्या चेअर कारमध्ये ती सवलत नाही, पूर्ण भाडं लागतं. दोन वर्षांच्या पोराला दोन्हीकडे फुकट, मांडीवर. आजी-आजोबा बरोबर असतील तर जाताना रेल्वे आणि येताना विमान हा मेळ बरा पडतो: जाताना उत्साह असतो, येताना पाठ दुखत असते, आणि श्रीनगर–दिल्ली–ओझर त्याच दिवशी घरी आणून सोडतं. तेवढं करताना श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचा, तिथली तपासणी एका दारावर संपत नाही.